रिकाम्या खुर्चीशी इंग्रजी

बीडमध्ये कुणी विचारलं, काय करता, तर मी 'शिकवते' एवढंच सांगते. शाळेत का, असं पुढे विचारलं तर 'क्लासमध्ये' म्हणते. त्याच्याही पुढे कुणी गेलंच तर सांगावं लागतं, की स्पोकन इंग्लिश. मग समोरचा माणूस एकतर एकदम गप्प होतो, नाहीतर "मग बोला की मॅडम दोन वाक्यं" म्हणतो. दोन्ही वेळा मी चहाच्या कपात बघते. या अंकाच्या संपादकांनी फोन करून तुमच्या कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हाही माझ्या हातात चहाच होता. मी म्हटलं, लिहिते. बोलायला सांगितलं असतं तर नाही म्हटलं असतं.

स्वभावाने मी न बोलणारी आहे आणि पोटासाठी लोकांना बोलायला शिकवते. यात काही विनोद आहे असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं.

आमचा क्लास बस स्टँडच्या मागच्या रस्त्यावर आहे. खाली झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान, वर आम्ही. क्लास ज्यांचा आहे त्यांना सगळे 'सर' म्हणतात. सरांना स्वतःला इंग्रजी बोलायचा कंटाळा आहे, पण बाहेरच्या फ्लेक्सवर ते कोट घालून उभे आहेत. आत बाकं, फळा आणि फळ्याशेजारी एक लाल प्लास्टिकची खुर्ची. या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. ती मुलाखत घेणाऱ्याची खुर्ची. ज्याची पाळी असेल त्याने फळ्यापाशी यायचं, रिकाम्या खुर्चीला 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचं आणि बोलायला लागायचं. माणसासमोर तोंड न उघडणारी पोरं खुर्चीसमोर छान बोलतात. ही पद्धत माझी. माणसाकडे बघून बोलायची भीती म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही व्याकरण शिकवत असू. व्याकरण त्यांना शाळेत शिकवलेलं असतं, ते विसरलेलेही असतात. आमच्याकडे येणाऱ्याला हवं असतं ते 'इंट्रोडक्शन': स्वतःचं नाव, गाव, वडील काय करतात, छंद, आयुष्यातलं ध्येय. एवढं पाठ झालं की बहुतेकांचा कोर्स त्यांच्या मते संपतो. छंद सगळ्यांचे सारखेच असतात, वाचन आणि क्रिकेट. मुलींचे वाचन आणि स्वयंपाक. एकाने 'झोप' म्हटलं होतं. तो त्या बॅचमधला एकटा खरं बोलणारा, पण मला त्याला ते बदलायला लावावं लागलं.

पाठांतरातून त्यांना बाहेर काढायला मी दर आठवड्याला इंग्रजीची एक जोडी घेते. जोडी म्हणजे एक साधं क्रियापद आणि त्याच्यामागे एक चिमुकला शब्द. नुसता 'गेट' म्हणजे मिळणं, होणं, पोचणं, वाट्टेल ते. त्याला मागे 'अप' लागला की माणूस झोपेतून उठतो, 'ऑफ' लागला की एसटीतून उतरतो. पुस्तकातली उदाहरणं आमच्या कामाची नसतात. त्यांत लोक सारखे बर्फातून वाट काढत असतात. मी बीडची उदाहरणं करते.

या सगळ्या जोड्यांत 'गेट थ्रू' शिकवायला मला आवडायची. तहसीलला सकाळपासून फोन लावतोय आणि एकदाचा लागला, तर गेट थ्रू. भरतीत मैदानी परीक्षा निघाली, तर गेट थ्रू. पाऊस नसलेलं वर्ष कसंबसं काढलं, तेही तेच. घरी पाहुणे आले आणि ज्वारीचं पोतं बघता बघता संपलं, तरी तेच. सभेत ठराव मंजूर झाला, तोही गेट थ्रू झाला. आणि शेवटचा अर्थ, ज्याच्या मागे आणखी एक 'टू' लागतो, तो म्हणजे आपलं म्हणणं समोरच्या माणसाच्या आत पोचणं. नुसतं बोलणं नाही. त्याला ऐकू जाणं, तेही नाही. पोचणं.

प्रत्येकाने आपलं वाक्य करायचं. पोलीस भरतीवाला म्हणाला, मी ग्राऊंडमधून निघालो, गणितातून निघालो नाही. एका नर्सताईंनी वाक्य केलं, डॉक्टर म्हणतात पेशंट आजची रात्र काढेल. तिसऱ्या बाकावर चौसाळ्याची पल्लवी बसायची. ती उठली आणि इंग्रजीत म्हणाली, "माझी आई न बोलता दिवस काढते."

वाक्य बरोबर होतं. मी 'गुड' म्हटलं आणि उच्चार सुधारला. अशा वेळी शिक्षक दुसरं काय करतो मला माहीत नाही. शेवटच्या अर्थाचं वाक्य मात्र तिला सुचेना. "उद्या देते, मॅडम," म्हणाली आणि बसली.

पल्लवीबद्दल लिहिण्याआधी आबांबद्दल लिहिते, म्हणजे आमच्याकडे कोण कोण आणि कशासाठी येतं याचा अंदाज येईल. आबा एका मोठ्या गावचे पुढारी. दुपारी बॅच नसताना यायचे, ड्रायव्हरला खाली चहाला पाठवायचे आणि खिडक्या लावून घ्यायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, मला बोलायचं न्हाई. मला निस्तं कळलं पायजे. साहेब लोक माझ्याम्होरं एकदम इंग्रजीत घुसले की समजायचं, आता आपलंच चाललंय."

मी त्यांना फक्त ऐकायला शिकवलं. फार मन लावून शिकले. काही महिन्यांनी पेढे घेऊन आले, पण चेहरा उतरलेला होता.

"कळायला लागलं का आबा?"

"लागलं. कावून शिकलो आसं झालंय."

"का, काय बोलतात?"

"इतकी वर्सं वाटायचं, काईतरी मोठं कारस्थान आसंल. ते तर एकमेकाला इच्यारतेत, ह्यो म्हातारा कधी उठतोय, जेवायला जायचंय."

पेढे टेबलावर ठेवून ते गेले. परत आले नाहीत. आमच्या जिल्ह्यात इंग्रजी कशाकशासाठी वापरतात, ते मला आबांमुळे नीट कळलं. समोर बसलेल्या माणसाला बाहेर ठेवायचं असेल तर दार लावावं लागत नाही, इंग्रजीत बोललं की झालं.

आता स्थळांचं सांगते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली लग्नासाठी येतात. लग्नाच्या बायोडाटावर उंची, रंग, शिक्षण यांच्याखाली हल्ली एक ओळ असते, 'इंग्रजी बोलता येते.' मुलाकडच्यांना ती हवी असते. का हवी, हे मी पुष्कळ घरांतून ऐकलं आहे. उद्या लेकरं इंग्लिश मीडियमला घालायची तर घरात शाळेशी बोलणारं एक माणूस लागतं. मग एका कार्यक्रमात मुलाकडच्या कुणीतरी शंका काढली, की इंग्रजी येतं म्हणता, पण आमच्यात ते तपासणार कोण? मुलीच्या वडिलांनी लगेच उपाय काढला. क्लासच्या मॅडमलाच बोलावलं. मी गेले, तीन प्रश्न विचारले, मुलीने पाठ केलेलं इंट्रोडक्शन म्हटलं, सगळे खूश झाले. मग ही पद्धतच पडली. मुलगी पाहायच्या कार्यक्रमाला जशी फोटोवाल्याला सांगतात तशी मला सांगायला लागले. सरांना त्यात क्लासची जाहिरात दिसली. मी पोहे खायचे, कधी चुरमुऱ्यांची सुशीला असायची, तीन प्रश्न विचारायचे, आणि 'छान बोलते' म्हणून परत यायचे. घरातला कुणीही मला पुढच्या गल्लीत ओळखू शकला नसता. ते मला बरं वाटायचं.

पल्लवीच्या वडिलांना घरात आण्णा म्हणतात. थोडं रान आणि मेंढरं. क्लास लावायला आले तेव्हा चप्पल खाली जिन्यात काढून वर आले होते. म्हणाले, "मॅडम, माझं सगळं मेंढरामागं गेलं. हिला चांगलं घर मिळंल आसं इंग्रजी शिकवा." मुलीवर जीव असलेला माणूस. क्लास सुटायला उशीर झाला की खाली झेरॉक्सच्या दुकानापाशी उभे राहायचे, वर यायचे नाहीत, हाकही मारायचे नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचताना कुणाला ते वाईट माणूस वाटायला नकोत. वाईट माणूस असता तर माझं काम सोपं होतं.

पल्लवी इंग्रजीत मोकळी झाली ती फार लवकर. मराठीत ती माझ्यासारखीच, विचारलं तेवढं सांगणारी. पण खुर्चीसमोर उभी राहिली की आवाज बदलायचा. मेंढरं, हायवेवरचे ट्रक, कॉलेजात मागच्या बाकावर बसणारी टवाळ पोरं, सगळं इंग्रजीत सांगायची, वर हसवायची. पुण्यातल्या एका दवाखान्याला फोन घेणाऱ्या मुली हव्या होत्या. कुणाला कोणते डॉक्टर, कोणती वेळ, एवढं सांगायचं काम. राहायची सोय होती. तिने अर्ज केला. पहिली मुलाखत फोनवरच झाली, आमच्याच वर्गात. मी बाहेर बाकावर बसले होते. बंद दारातून शब्द कळत नव्हते, फक्त ती दोनदा हसल्याचं ऐकू आलं. दार उघडून ती म्हणाली, "आय गॉट थ्रू, मॅडम."

दुसरी मुलाखत पुण्यात, समोरासमोर, सोमवारी.

"आण्णांना सांगितलंस?"

"सांगते."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. "घरी गेलं की तोंडच उघडत नाही, मॅडम. ते जेवायला बसतात, मी समोर बसते. आईकडे बघते. मग झोपायची वेळ होते."

शनिवारी सरांनी मला सांगितलं, उद्या चौसाळ्याला जायचंय, पल्लवीचा कार्यक्रम आहे. युसूफ वडगाव गावचं स्थळ आहे, मोठं घर.

मी तिला फोन केला. तिनेच उचलला, पण मागे माणसांचा आवाज होता. "हो मॅडम, या मॅडम," एवढंच म्हणाली.

रविवारी मी जीपने गेले. अंगणात मेंढरांची काट्यांची कुंपणं, आज रिकामी. भावकीतल्या कुणीतरी मेंढरं लांब नेली होती, वास येऊ नये म्हणून. पण वास होताच. पल्लवीची धाकटी बहीण गायत्री अंगणात पाणी मारत होती. आत सतरंजीवर पाहुणे बसले होते. मुलाचे वडील, आई, मामा, मामी आणि मुलगा. मुलाचं खताचं दुकान होतं आणि तो बी.कॉम. होता. बोलणं सगळं मामांच्या हातात. मला खुर्ची दिली. एवढ्या माणसांत मी एकटी खुर्चीवर, हे मला कधी सोसत नाही.

"ह्या मॅडम व्हय?" मामा म्हणाले. "लहानच हायतेत की."

"लहान दिसत्यात. इंग्रजीत पक्क्या हायतेत," आण्णा म्हणाले.

मुलाचे वडील मला समजावून सांगू लागले. "त्याचं काय हाय मॅडम, थोरल्याची पोरं इंग्लिश मीडियमला घातलीत. शाळेतून डायरीत काय काय लिव्हून देतेत. ते वाचून घ्याया मास्तराच्या घरी जावं लागतंय. मास्तर वाचतो आन् वरून हसतो. लई अपमान वाटतो."

मला त्यांचं खरं वाटलं. मीही इंग्लिश मीडियमची. मम्मीला इंग्रजी येत नव्हतं. पालकसभेत टीचर इंग्रजीत बोलायच्या आणि मी शेजारी उभी राहून मम्मीला मराठीत सांगायचे. 'मुलगी वर्गात तोंड उघडत नाही' हे टीचरचं वाक्य मी दरवर्षी 'मुलगी शांत आहे' असं सांगितलं. मधला माणूस काय करतो ते मला लहानपणापासून माहीत आहे.

पल्लवी आली. साडी, डोक्यावर पदर. पोहे दिले, बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, हे मराठीतलं झालं. उत्तरं एकेका शब्दाची. मग मामा माझ्याकडे वळले. "हं मॅडम, इच्यारा आता इंग्रजीत. सोपं नका इच्यारू बरं का. आमच्यात कुणाला कळत न्हाई, पण ऐकायला चांगलं वाटतंय."

मी नेहमीचा प्रश्न विचारला, स्वतःबद्दल काही सांग.

याचं पाठ केलेलं उत्तर तिला दीड मिनिटात म्हणता येत होतं. ती म्हणाली नाही. गुडघ्यावरचे हात तिने एकदा उघडले, मिटले. मग माझ्याकडे बघून, अगदी प्रसन्न चेहऱ्याने, इंग्रजीत बोलायला लागली. मुलाखतीत चेहरा प्रसन्न ठेवायचा, हे मी वर्गात रोज सांगते. ती म्हणाली, माझं नाव पल्लवी. मला आत्ता लग्न करायचं नाही. पुण्याच्या दवाखान्यात मी अर्ज केलाय, पहिल्या फेरीतून निघाले, उद्या दुसरी आहे. ही माणसं चांगली दिसतात, माझा त्यांच्यावर राग नाही. पण मला पुण्याला जायचंय. मग थोडं थांबून तिने ते राहिलेलं वाक्य दिलं. आण्णांपर्यंत माझं बोलणं पोचत नाही, आय कान्ट गेट थ्रू टू हिम. मॅडम, प्लीज, तुम्ही यांना सांगा.

हसू तसंच होतं. एक 'द' जास्तीचा पडला होता, बाकी एक चूक नाही. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या प्रश्नाला कुणी दिलेलं ते सगळ्यात चांगलं उत्तर.

"आगं बया," मामी म्हणाल्या, "कशी फाडफाड बोलती."

"एका दमात," मुलाचे वडील म्हणाले. मुलाच्या आईने मान डोलावली. आण्णा भिंतीला टेकून बसले होते, ते ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान मी कुणाच्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

फक्त मुलगा वर बघत नव्हता. तो पोह्यांतले शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला ओळीने लावत होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याला कळलं होतं.

"काय म्हणली, मॅडम?" मामांनी विचारलं. "आमाला बी कळू द्या की."

पालकसभेसारखं मधलं कापून सांगता आलं असतं. मी कापलं नाही. तिने ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने मराठीत सांगितलं. माझा आवाज मुळात लहान. मामा कानाला हात लावून म्हणाले, "जरा मोठ्यानं, पंख्याचा आवाज हाय." कुणीतरी पंखा बंद केला. मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

मग आण्णाच हसले. "पाठ केलेलं आसंल. ह्यांच्या क्लासात नाटकावानी बोलाया लावतेत. खुर्चीला बोलतेत पोरी, क्लास लावाया आलतो तवा म्या सोता बघितलंय."

"पाठ केलेलं नाही, आण्णा," मी म्हटलं.

मामांनी कप खाली ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट माझी समजूत काढावी तसं बोलले. "मॅडम, तुमी कशाला मनाला लावून घेता? इंग्रजीतच म्हणली ना? मराठीत म्हणली आस्ती तर आमी आत्ता उठलो आस्तो. इंग्रजीतलं काय मोजायचं?"

सगळे हसले. आण्णा मात्र या वेळी हसले नाहीत. त्यांनी लेकीकडे बघितलं. "पल्ले," ते म्हणाले, "मराठीत बोल. काय आसंल ते बोल. पाव्हण्याची लाज धरू नको."

ते खरंच विचारत होते. मी त्या आवाजाचा पुन्हा पुन्हा विचार केला आहे. त्यात दम दिलेला नव्हता. ती बोलली असती तर त्यांनी काय केलं असतं मला माहीत नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं असतं.

पल्लवीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. आम्ही वाट बघितली. आण्णांनीही बघितली.

"कावून गप हायस, बाय?"

"न्हाई आण्णा," ती म्हणाली. "काई न्हाई."

"झालं," मामा म्हणाले, आणि पंखा परत लावला.

निघताना मी हात धुवायला मागच्या दारी गेले. पल्लवीची आई चुलीपाशी होती. तोपर्यंत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. माझ्या हातावर पाणी घालता घालता ती खाली बघून म्हणाली, "ती येवढं तरी बोलली. माझ्या टायमाला तर इंग्रजी बी न्हवतं."

क्लासवर आले तर सरांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, पसंत पडली. "वा," सर म्हणाले.

सोमवारी दुपारी पुण्याहून फोन आला. पल्लवीने दुसरा नंबर म्हणून माझा दिला होता. पलीकडच्या बाईंचं इंग्रजी फार गोड होतं. मुलगी आली नाही, त्यांना ती आवडली होती, काही अडचण आहे का, असं विचारत होत्या. मी सांगितलं, तिचं लग्न ठरलं. "ओ, हाऊ लव्हली," त्या म्हणाल्या, "आमच्याकडून तिचं अभिनंदन करा." मी थँक्यू म्हटलं. इंग्रजीत थँक्यू फार पटकन येतं.

साखरपुड्याच्या आधी मी चौसाळ्याला एकदा जाऊन आले. आण्णा रानात होते. मी बांधावर उभी राहून पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, मी तिला चारचौघांत इच्यारलं. नंतर घरात बी इच्यारलं. न्हाई म्हणती, काई न्हाई म्हणती. आता तुमी सांगा, मी कुणाचं ऐकू? लेकीचं का तुमचं?"

मी बांधावरून उतरले आणि जीपच्या रस्त्याला लागले.

लग्न झालं. सरांनी नवा फ्लेक्स लावला, त्यात 'आमच्या यशस्वी विद्यार्थिनी' या ओळीखाली पल्लवीचाही फोटो होता, लग्नातलाच. मी तो काढायला सांगितला. सर म्हणाले, तिच्या सासरच्यांनीच पाठवलाय. मुलगी पाहायच्या कार्यक्रमांना जाणं मी बंद केलं. दुसऱ्या एक मॅडम जातात. त्या मोठ्याने बोलतात, लोकांना त्या जास्त आवडतात. 'गेट थ्रू'चा आठवडा मी गाळून टाकते. कुणाच्या लक्षात येत नाही, इंग्रजीत जोड्यांना तोटा नाही.

गेल्या उन्हाळ्यात आण्णा परत जिना चढून आले. चप्पल खालीच होती. बरोबर गायत्री, पल्लवीची धाकटी बहीण. "थोरलीला जसं शिकवलं तसंच हिला शिकवा, मॅडम," ते म्हणाले. "तुमच्यामुळं सोनं झालं तिचं." मी आण्णांकडे बघितलं. त्यात टोमणा नव्हता.

ते खाली गेल्यावर मी गायत्रीला विचारलं, दिदी काय करते?

"दाजीचे थोरले भाऊ, भाया हायत ना, त्यांच्या पोरांचा आभ्यास घेती. शाळेच्या डायरीत इंग्रजीत उत्तर लिव्हून देती. लई कौतुक हाय तिचं."

"बोलते का?"

"कुणासंगं?"

मी फळा पुसायला लागले. गायत्री बाकावरून उठली. मग जवळ आली. "मॅडम, त्या दिवशी दिदी इंग्रजीत काय म्हणली होती, ते मला लिव्हून द्या. पाठ करते. माझ्या कार्यक्रमात मी बी म्हणणार हाय."

"इंग्रजीत नको," मी म्हटलं. "त्याचा उपयोग होत नाही, तू पाहिलंयस. मराठीत म्हण. इथंच म्हणून बघ. कुणी नाहीये."

मी दार लावलं आणि लाल खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली. "हे आण्णा. यांना सांग, तुला काय नकोय ते."

गायत्री फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. मघापासून किती बोलत होती. तिने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, ओढणी डोक्यावर घेतली, मान खाली घातली आणि तशीच उभी राहिली. मी वाट बघितली. पुढच्या बॅचची मुलं बाहेरच्या बाकावर येऊन बसली, गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग सर म्हणत घोकायला लागली, तरी ती तशीच उभी होती.